अफवा रोगाला वाट कशी करून देते, आणि ती वाट अडवायची कशी

गोवर झालेलं मूल खोलीतून निघून गेलं तरी त्याचा विषाणू त्या खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. तेवढ्यात तिथे आलेल्या, लस न घेतलेल्या मुलाला लागण होऊ शकते. पण त्या मुलाला ७२ तासांच्या आत लस दिली, तर आजार टळण्याची किंवा सौम्य राहण्याची बरीच शक्यता असते. नेमक्या त्याच तीन दिवसांत घरच्या ग्रुपवर मेसेज येतो: 'साथ चालू असताना लस देऊ नका, आजार अंगात मुरतो.' लस नको असं घरात कुणी म्हणत नाही. 'दोन दिवस थांबून बघू' एवढंच म्हणतात. दोन दिवस जातात आणि मुदत संपते.

बहुतेक वेळा अफवा अशीच काम करते. ती माणसाला कट्टर विरोधक बनवत नाही, नुसतं थांबवते. साथीच्या रोगात थांबणं रोगाच्या पथ्यावर पडतं.

हे मार्गदर्शन अशांसाठी आहे ज्यांना लोक येऊन विचारतात, 'हे खरं आहे का हो?' म्हणजे शिक्षक, आरोग्य कर्मचारी, ग्रुपचे अ‍ॅडमिन, आणि प्रत्येक घरात असते ती एक विश्वासाची व्यक्ती.

आधी एक हिशेब समजून घ्या

'चार-दोन जणांनी लस नाही घेतली तर काय बिघडतं?' याचं उत्तर आकड्यांत आहे. कुणालाच संरक्षण नसेल तर गोवराचा एक रुग्ण सरासरी १२ ते १८ जणांना लागण देतो. सोयीसाठी १५ धरू.

शंभरातल्या ९५ जणांना संरक्षण असेल तर उरलेल्या ५ टक्क्यांतच रोग पसरू शकतो. १५ चे ५ टक्के म्हणजे ०.७५. एक रुग्ण एकापेक्षा कमी जणांना रोग देतो, म्हणून साथ आपोआप विझते. आता संरक्षण ९० टक्क्यांवर आणा. १५ चे १० टक्के म्हणजे दीड. एका रुग्णापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला साधारण १२ दिवस लागतात, म्हणजे दोन महिन्यांत पाच फेऱ्या होतात. दोन्हीकडे सुरुवात १०० रुग्णांनी झाली, तर पाचव्या फेरीत पहिल्या ठिकाणी सुमारे २४ नवे रुग्ण असतील आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे ७६०. प्रत्यक्षात लागण होण्याजोगी माणसं संपत जातात, तसा वेग थोडा मंदावतो. तरी दिशा हीच राहते. संरक्षण पाच टक्क्यांनी घसरलं, पण रोगाला मोकळी असलेली माणसं दुप्पट झाली. सगळा फरक तिथे आहे.

शिवाय हे आकडे सगळी माणसं सारखी मिसळतात असं धरून काढलेले आहेत. अफवा तशी पसरत नाही. ती नात्यागोत्यात, एकाच शाळेच्या पालकांत, एकाच ग्रुपमध्ये फिरते. त्यामुळे लस न घेतलेली मुलं एकाच ठिकाणी गोळा होतात. जिल्ह्याची सरासरी ९४ टक्के दिसते आणि एका वस्तीत ती ६० असते. साथ तिथे पेटते. म्हणून सरासरीवर विसंबू नका. मेसेज नेमका कुठल्या ग्रुपात फिरतोय, ते शोधा.

मेसेज हातात आला की पहिला प्रश्न

'खरं की खोटं' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: हे वाचून कोण, काय करायचं थांबेल किंवा काय करायला लागेल? उत्तर कागदावर एका ओळीत लिहा. ओळ लिहिताच येत नसेल, तर तो मेसेज बहुधा निरुपद्रवी आहे. त्यावर वेळ घालवू नका.

ओळ लिहिता आली की नुकसान कोणत्या वाटेने होणार, ते दिसतं. लस टळणं ही सगळ्यांत ओळखीची वाट. २००३ साली उत्तर नायजेरियातल्या कानो राज्यात पोलिओच्या डोसाने वंध्यत्व येतं अशी अफवा पसरली, मोहीम सुमारे अकरा महिने बंद राहिली, आणि तिथला विषाणू पुढे वीसेक देशांत पोचला.

दुसरी वाट खोट्या कवचाची. २०१४ मध्ये इबोलापासून बचाव होतो म्हणून लोक मिठाचं पाणी प्यायले, आणि त्यात काहींचा जीव गेला. २०२० च्या सुरुवातीला इराणमध्ये दारूने कोरोना मरतो या समजुतीने मिथेनॉल असलेली दारू पिऊन शेकडो माणसं दगावली. असा उपाय विषारी नसला तरी घातकच, कारण 'मी काढा घेतलाय' म्हणणारा माणूस खोकत असतानाही बिनधास्त गर्दीत जातो.

तिसरी वाट उपचार लांबण्याची. एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या काळात सरकारी पातळीवर नाकारलं गेलं आणि औषधं उशिरा पोचली. हार्वर्डच्या संशोधकांच्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात ३ लाख ३० हजारांहून अधिक जीव त्यामुळे गेले. चौथी वाट चुकीच्या औषधाची: सर्दी-फ्लूसारख्या विषाणूजन्य आजारात अँटिबायोटिक. त्याने विषाणूला काही होत नाही, पण शरीरातले जिवाणू मात्र औषधाला सरावतात. आणि पाचवी वाट सगळ्यांत भयंकर, रुग्ण लपवण्याची आणि मदतीला आलेल्यांवर हात उगारण्याची. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांची हत्या झाली. ही माणसंच रोग घेऊन येतात, असा तिथे संशय होता.

वाट ठरली की घाई किती करायची तेही ठरतं. विषारी उपाय, रुग्ण लपवणं किंवा संपर्कानंतरची लस टाळणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी उत्तर गेलं पाहिजे. पुढच्या महिन्यातल्या नेहमीच्या लसीकरणाबद्दलची शंका असेल तर दोन दिवस नीट तपासून लिहा. आणि मेसेज मोजक्या पाच-सहा जणांनीच पाहिला असेल तर जाहीर खुलासा करू नका, त्या पाच-सहा जणांशीच बोला. नाही तर ज्यांना अफवा माहीतच नव्हती, त्यांच्यापर्यंत ती तुमच्याच हाताने पोचते.

तपासणी: कुठे बघायचं

फोटो किंवा व्हिडिओ असेल तर त्यातलं एक चित्र गूगल लेन्समध्ये टाका. जुना फोटो, दुसरा देश, भलतीच घटना, हे बऱ्याचदा पाच मिनिटांत उघडं पडतं. बातमी असेल तर तारीख बघा. 'एका अभ्यासानुसार' असं असेल तर तो अभ्यास नावाने शोधा आणि तीन गोष्टी वाचा: किती माणसं होती, तुलना कुणाशी केली, आणि तो पुढे मागे घेतला गेला का.

गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने ऑटिझम होतो ही अफवा याच तीन प्रश्नांवर कोसळते. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ज्या लेखातून ती पसरली, त्यात अवघी १२ मुलं होती, लस न घेतलेल्या मुलांशी तुलनाच नव्हती, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये नियतकालिकाने लेख मागे घेतला. त्याच वर्षी त्याचे मुख्य लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. उलट २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कच्या अभ्यासात ६,५७,४६१ मुलं होती. लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत ऑटिझमच्या प्रमाणात फरक आढळला नाही. तरीही आईबापांना ते खरं का वाटतं, हे समजून घ्यायला हवं. लसीचा पहिला डोस आणि ऑटिझमची लक्षणं घरच्यांच्या लक्षात येण्याचा काळ, दोन्ही मुलाच्या दुसऱ्या वर्षाच्या आसपास येतात. एकापाठोपाठ एक घडलेल्या गोष्टी कारण आणि परिणाम वाटणं ही माणसाच्या मनाची सवय आहे, त्यात मूर्खपणा नाही.

निव्वळ खोट्यापेक्षा अर्धवट खरं पकडायला अवघड. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीतून कळलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉईडने कोविडचे मृत्यू घटतात: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत सुमारे एक तृतीयांशाने, नुसता ऑक्सिजन लागणाऱ्यांत एक पंचमांशाने. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काहीच फायदा दिसला नव्हता. फॉरवर्ड होता होता हे शेवटचं वाक्य गळालं, आणि साध्या तापात घरी स्टेरॉईड घेण्याचा सल्ला फिरू लागला. म्हणून प्रत्येक दाव्याला विचारा: हे कुणाला लागू आहे, आजाराच्या कोणत्या टप्प्यात, आणि किती डोसाला?

'लस घेतलेलेच आजारी पडले' हे कसं उलगडायचं

हा दावा प्रत्येक साथीत येतो, आणि त्यातला आकडा बहुतेक वेळा खराच असतो. त्यामुळे 'खोटं आहे' म्हणून झटकलंत तर तुमचीच पत जाईल. कागद घ्या आणि समोर बसून मांडून दाखवा.

एका शाळेत १००० मुलं आहेत. ९५० जणांनी दोन्ही डोस घेतले, ५० जणांनी एकही नाही. दोन डोसांनी १०० पैकी सुमारे ९७ जणांना संरक्षण मिळतं, म्हणजे ९५० पैकी २८-२९ मुलांना लस घेऊनही संरक्षण नाही. गोवर शाळेत घुसला आणि संरक्षण नसलेल्या दहापैकी नऊ जणांना लागण झाली असं धरा. लस न घेतलेल्या ५० पैकी ४५ आजारी. लस घेतलेल्यांपैकी २६ आजारी. एकूण ७१.

अफवेचं वाक्य तयार: 'आजारी पडलेल्यांत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलं लस घेतलेली!' खरंच आहे, ७१ पैकी २६ म्हणजे ३७ टक्के होतात. आता भागाकार बदला. लस न घेतलेल्यांत ५० पैकी ४५ आजारी, म्हणजे ९० टक्के. लस घेतलेल्यांत ९५० पैकी २६, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. आजारी मुलं मोजून एवढंच कळतं की शाळेत लस घेतलेली मुलं खूप आहेत. प्रत्येक गटातली एकूण मुलं खाली भाजक म्हणून घेतली की लसीचं काम दिसतं.

हा हिशेब तोंडी सांगू नका, डोक्यावरून जातो. दोन चौकोन काढा, एक मोठा आणि एक छोटा, आणि त्यांत आजारी मुलांचे ठिपके भरा. पाच मिनिटांत समजतं.

खुलासा लिहायचा कसा

सुरुवात खऱ्या माहितीने. मग अफवा एकदाच, आणि ती चुकीची आहे हे त्याच दमात. मग लोकांना जे दिसलं त्याचं खरं कारण. शेवटी नेमकं काय करायचं आणि तारीख. 'हे खोटं आहे' एवढंच सांगितलं तर डोक्यात पोकळी राहते आणि जुनी अफवा पुन्हा तिथे येऊन बसते; म्हणून कारण देणं फार महत्त्वाचं. सुरुवातीला सांगितलेल्या अफवेवरचा खुलासा असा लिहिता येईल:

'गोवराच्या रुग्णाच्या संपर्कात आलेल्या, लस न घेतलेल्या मुलाला ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो. साथीत लस देऊ नये असा मेसेज फिरतोय, तो चुकीचा आहे. लस दिल्यावर लगेच काही मुलांना गोवर उठला, कारण त्यांना लागण आधीच झाली होती. पुरळ उठायला साधारण दोन आठवडे लागतात. सहा महिन्यांखालचं बाळ, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेली व्यक्ती संपर्कात आली असेल तर त्यांना ही लस देत नाहीत, वेगळं इंजेक्शन असतं आणि ते सहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. आजच डॉक्टरांना फोन करा. ताप-पुरळ असेल तर दवाखान्यात जाण्याआधी फोनवर कळवा, म्हणजे मूल इतरांमध्ये बसणार नाही.' खाली तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव.

मजकूर याहून लांबवू नका. मूळ अफवेचा स्क्रीनशॉट जोडू नका. त्यावर लाल फुली मारली तरी लक्षात चित्रच राहतं, आणि पुढे कुणीतरी फुली कापून तेच पाठवतं. ज्या ग्रुपात अफवा आली त्याच ग्रुपात, शक्यतो ती पाठवणाऱ्यालाच खुलासा टाकायला सांगा. त्याला आधी खासगीत फोन करा. चारचौघांत चूक दाखवली की माणूस ती चूकच धरून बसतो.

'शंभर टक्के सुरक्षित', 'काही होणार नाही' असं कधी लिहू नका. या लसीने काही मुलांना ताप येतो, काहींना आठवड्या-दीड आठवड्याने हलकं पुरळ येतं, आणि ते आधी सांगितलं नसेल तर तोच ताप पुढच्या अफवेचा पुरावा बनतो.

माहिती बदलू शकते हेही लिहून ठेवा. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही, असं ठाम शब्दांत ट्विट केलं होतं. पुढे ती भूमिका बदलावी लागली, आणि त्या ठाम वाक्याचा दाखला अजूनही प्रत्येक नव्या सल्ल्याविरुद्ध दिला जातो. सल्ला बदलला तर जुना सल्ला गुपचूप पुसू नका. 'पूर्वी असं सांगितलं होतं, आता ही माहिती आली, म्हणून आजपासून असं करा' हे तीन तुकडे लिहा.

समोरासमोर बोलताना

मेसेजने फार तर दार उघडतं. निर्णय बदलतो तो बोलण्यातून. त्यात पहिलं काम ऐकण्याचं. समजा, एका ताईंची लस न घेतलेली लेक गोवराच्या रुग्णाच्या संपर्कात आली आहे:

'ताई, लसीबद्दल मनात नेमकं काय आहे?'
'अहो, माझ्या जावेच्या मुलाला लस दिल्यावर ताप चढला आणि झटका आला. माझ्या लेकीला नको.'
'ते बघून कुणीही घाबरेल. आता कसा आहे तो?'
'आता ठणठणीत आहे.'
'त्या झटक्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते सांगू का?'
'सांगा.'
'लसीनंतर आठवडाभराने काही मुलांना ताप येतो, आणि तीन-चार हजार डोसांमागे एखाद्याला त्या तापात झटका येतो. बघवत नाही, पण मूल त्यातून बरं होतं. गोवरात मात्र हजारात एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते, आणि त्यातून वाचलेल्या मुलाची ऐकू येण्याची किंवा शिकण्याची शक्ती जाऊ शकते. हे ऐकून तुम्हाला काय वाटतं?'

इथे थांबा. पुढचं वाक्य ताईंचं आहे. शांतता अवघड वाटली तरी ती भरून काढू नका. परवानगी मागितल्यामुळे आकडे भाषणासारखे कानावर आदळत नाहीत. 'विचार करून सांगते' असं उत्तर आलं तर तेही चांगलं मानून वेळ ठरवा: 'उद्या सकाळी दहाला फोन करते, कारण उद्या दुपारपर्यंतच या लसीचा उपयोग आहे.' धमकी वाटू नये म्हणून कारण जोडलेलं असावं.

कोण सांगतं याला फार महत्त्व आहे. कानोमध्ये पोलिओच्या डोसाबद्दलच्या अविश्वासाला एक खरं कारण होतं: १९९६ साली मेंदुज्वराच्या साथीत तिथल्या मुलांवर एका परदेशी औषध कंपनीने केलेली वादग्रस्त चाचणी. तिथे वैद्यकीय युक्तिवाद एकटे पुरले नाहीत. लस इंडोनेशियातून, म्हणजे मुस्लिमबहुल देशातून, आणण्याचं ठरलं आणि स्थानिक नेते सोबत आले, तेव्हा मोहीम पुन्हा सुरू झाली.

चूक खरोखरच झाली असेल तर

सामोआ या बेटावरच्या देशात जुलै २०१८ मध्ये लस टोचल्यावर दोन बाळं दगावली. लसीची पूड पाण्यात मिसळण्याऐवजी चुकून स्नायू शिथिल करणाऱ्या, मुदत संपलेल्या औषधात मिसळली गेली होती. दोष लसीत नव्हता. पण कार्यक्रम कित्येक महिने थांबला, खरं कारण लोकांपर्यंत नीट पोचायच्या आत अफवांनी ती जागा घेतली, आणि बाळांमधलं लसीकरण सुमारे एक तृतीयांशावर घसरलं. २०१९ च्या अखेरीस गोवर आला: सुमारे दोन लाख लोकवस्तीच्या देशात ५,७०० हून अधिक रुग्ण आणि ८३ मृत्यू, त्यात बहुतेक पाच वर्षांखालची मुलं.

अशा वेळी 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे सगळ्यांत वाईट वाक्य, कारण दोन बाळं खरंच गेली आहेत. पहिल्याच दिवशी काय घडलं ते मान्य करा, काय माहीत आहे आणि कशाची तपासणी चालू आहे ते वेगवेगळं सांगा, पुढची माहिती कधी देणार त्याची वेळ द्या, आणि नवं काही नसलं तरी त्या वेळेला समोर या.

नोंदवही

अफवांची वही ठेवा. सहा रकाने पुरतात: तारीख, ऐकलेले शब्द जसेच्या तसे, कुठल्या ग्रुपात किंवा वस्तीत, त्यामुळे होणारी कृती, दिलेलं उत्तर आणि ते कुणी दिलं, सात दिवसांनंतरची स्थिती. शब्द जसेच्या तसे लिहिणं सगळ्यांत महत्त्वाचं. 'लसविरोधी मेसेज' अशी नोंद केलीत तर महिन्याने काही कळत नाही. 'डोस दिलेल्या मुलींना पुढे मूल होत नाही' असं लिहिलंत तर भीती कुठली आहे ते दिसतं.

सातव्या दिवशी लाइक आणि फॉरवर्ड मोजू नका. किती जण लसीला आले, लक्षणं दिसल्यापासून दवाखान्यात यायला किती दिवस लागले, आणि तोच प्रश्न पुन्हा कुणी विचारला का, हे बघा. दोन आठवडे प्रश्न आला नाही आणि लसीकरण पूर्ववत झालं, तर नोंदीवर रेघ मारा. पण पान फाडू नका. पुढच्या साथीत तीच अफवा शब्द बदलून परत येते, आणि तेव्हा आधी लिहिलेलं उत्तर तारीख बदलून, नवी माहिती तपासून तासाभरात पाठवता येतं.